गुडगुडीचा मान

देवजीने नळीत फुंकर मारली आणि ती तशीच त्याच्या तोंडावर परत आली. त्याने नळी उलटी केली, गाल फुगवले, दुसऱ्या टोकाने जोर लावला. कानशिलं तांबडी झाली, डोळ्यांत पाणी आलं, पण पलीकडून वारा म्हणून निघाला नाही. मग एक डोळा मिटून त्याने ती उजेडाकडे धरली. एरवी तिच्यातून समोरच्या उंबराचं पान दिसायचं. आज आत नुसता काळोख होता.

कमळ ओटीवर वाल पाखडत बसली होती. "मघापासून फू फू काय चाललाय?" ती नवऱ्याला म्हणाली. "चूल पेटवायची तर मी हाय ना."

"कायतरी अडकलाय."

"तुमच्या नळीत?" कमळने सूप खाली ठेवलं. देवजीच्या नळीत काही अडकणं ही साधी गोष्ट नव्हती. "बघू, आना हिकडं."

तिने नळीच्या तोंडात करंगळी घातली. आत सुकलेली माती लागली, हाताने लिंपावी तशी गुळगुळीत. तेवढ्यात बारीक कमरेची एक काळी माशी वळचणीकडून आली, नळीभोवती गिरकी घेऊन गेली. कमळने नळी हळूच सुपाशेजारी ठेवली आणि पदराला हात पुसले.

"कुंभारीण," ती म्हणाली. "घर केलाय तिनं. आता हात नका लावू."

देवजी मटकन खाली बसला. कारण ती नळी गुडगुडीची होती, आणि येत्या शनिवारी गुडगुडी बोलायला हवी होती.

माळशेजच्या वाटेवर, वैशाखरे गावाच्या अलीकडे फाट्यावरून आत गेलं की हे गाव. चैत्रात इथे सगळ्यांचे राब तयार असतात. भाताची रोपं जिथे करायची त्या तुकड्यावर शेण, वर तोडून आणलेल्या फांद्यांची कवळं, वर गवत, वर बारीक माती, आणि संध्याकाळचा वारा पडला की आग. पण आधी कोणी काडी ओढायची नाही. वेशीवर एक वीराचा दगड आहे. हा वीर कोणाशी लढला ते गावात कोणाला सांगता येत नाही, पण त्याला गुडगुडीचा नाद होता हे मात्र पोराटोरांना ठाऊक. त्याच्यापुढे गुडगुडी मांडायची, मानकऱ्याने वीराच्या नावाने एक झुरका घ्यायचा, आणि तिच्या पोटातलं पाणी गुडगुडलं की चिलमीतला निखारा गवताच्या पेंडीवर घ्यायचा. त्या पेंडीवरून मग गावाचे राब पेटतात. गुडगुडी बोलली नाही तर निखारा घेता येत नाही. आजवर असं झालेलं नाही, म्हणून झालं तर पुढे काय करायचं हेही कोणी ठरवून ठेवलेलं नव्हतं.

मान देवजीच्या घरचा. आजोबापासून चालत आलेला. एरवी देवजी तंबाखूला शिवत नसे, डॉक्टरने सोडायला लावून जमाना झाला, पण वर्षाचा हा एक झुरका त्याने कधी चुकवला नव्हता. आणि झुरक्याहून जास्त जीव त्याचा त्या पितळेत होता.

राब पेटून लोक पांगले की तो तिथेच उकिडवा बसून गरम आहेत तोवर सांधे सोडवायचा. थंड झाले की सांधे एकमेकांना सोडत नाहीत. घरी आल्यावर भांड्यातलं पाणी ओतून कढत पाण्याने विसळायचं, लांब काडीला धोतराची चिंधी बांधून नळीतला तंबाखूचा चिकटा काढायचा. मग चिंच आणि चाळलेली राख. न चाळता घेतली आणि खडा राहिला तर ओरखडा उठतो. तारेची घासणी तर तिच्या आसपास दिसली तरी देवजी ती अंगणात भिरकावायचा. चिंचेचा अंश राहिला तर पितळ काळवंडतं, म्हणून पुन्हा पुन्हा विसळून, जुन्या लुगड्याच्या फडक्याने कोरडं करून नळ्या वळचणीला सावलीत टांगायच्या. वरून खुरासणीच्या तेलाचं नुसतं बोट फिरवायचं. आणि सगळ्यात शेवटी दोन्ही तोंडांत चिंधीचे बोळे. या बोळ्यांवरून त्याने घरात सगळ्यांचे कान किटवले होते. बोळा नाही तर झुरळ शिरेल, बोळा नाही तर कोळी शिरेल. कुंभारणीचं नाव त्यात कधी आलं नव्हतं.

राब पेटायच्या पंधरा दिवस आधीही हेच सगळं पुन्हा एकदा व्हायचं, आणि यंदाही त्याने ते केलं. नळ्या धुऊन टांगल्या, वाळल्या, बोळ्यांसाठी चिंधी फाडायला घेतली, आणि तेवढ्यात फाट्यावरून रिक्षा आत वळली. रिक्षात त्याची मुलगी कुणाली होती. किन्हवलीला दिलेली, तिथे एका औषधाच्या दुकानात बसणारी, आता पहिलटकरीण म्हणून माहेरी आलेली. देवजी चिंधी टाकून धावला. पोरीला उतरवून घेतलं, तिची पिशवी घेतली, रिक्षावाल्याला चहा पाजला, तिच्या सुजलेल्या पायांकडे बघून उगाच रिक्षावाल्यालाच रस्त्याबद्दल बोलला. त्या चिंधीने पुढे कोणी काय पुसलं ते देव जाणे.

म्हणजे चूक त्याचीच. दुसऱ्या कोणाची असती तर आठवडाभर बोलायला विषय झाला असता. स्वतःची असल्यामुळे तो गप्प बसला.

"छत्रीची काडी घालून एका टायमाला निघंल," तो जरा वेळाने म्हणाला.

"निघंल," कमळ म्हणाली. "आन पोर पोटुशी घरात बसलीय. पोटुशीच्या घरात कुंभारणीचा घर मोडतात? तुमच्या आयेनं मला आपल्या दिपेशच्या बाळंतपनाच्या वेळंला देव्हाऱ्यातला पन मोडू दिला नवता. गणपतीच्या पाठीमागं होता, तसाच ठेवला."

"मंग शनवारी मी काय करू?"

"बांबूची नळी लावा."

"वीराला बांबू? उद्या म्हनशील सरबताची काडी लाव."

कमळने सूप उचललं. तिच्यापुरता विषय संपला होता.

नळी तशीच खुंटीला टांगून देवजी राबावर गेला. दोघांनी मिळून वरची माती पसरायची राहिली होती. कमळ घमेलं भरून द्यायची, तो हाताने ढेकळं चुरत पसरायचा. ऊन पाठीवर चढत होतं, गुडघे दुखत होते, पण हे काम त्याला आवडायचं. आज मात्र तो एकाच जागी तीनदा माती टाकत होता. माळशेजच्या बाजूला डोंगरावर ढग बसले होते. काळे नव्हते, पण नुसतं बघायलाही आलेले वाटत नव्हते. अवकाळी आला आणि राब भिजले तर सगळी मेहनत मातीला.

बांधावरून जाणारा येणारा विचारायचा, "देवजीदादा, शनवारी नक्की ना?"

"नक्की," देवजी मान खाली घालून सांगायचा. सांगताना दर वेळी त्याला कोणीतरी शर्टाची गुंडी धरून ओढतंय असं वाटायचं.

शेवटी संध्याकाळी तो पायांत चपला घालून खालच्या आळीत चांगोकडे गेला.

चांगो त्याचा चुलतभाऊ, वयाने थोडा धाकटा. आजोबांच्या काळी गुडगुड्या दोन होत्या, एकाच तांबटाने केलेल्या, अगदी एका मापाच्या. वाटणीत एक थोरल्या घराला आली, एक धाकट्या. मान मात्र थोरल्याकडे राहिला. त्यावरून चांगो दर चैत्रात वीराच्या दगडापाशी उभा राहून शेजारच्याला ऐकू जाईल असं म्हणायचा, "बोलते तर आमची पन." ती बोलते की नाही ते त्याने बाप गेल्यापासून एकदाही पाहिलं नव्हतं.

देवजी दारात पोचला तेव्हा चांगोची सून जयश्री चुलीपुढे वाकून फुंकत होती. तिच्या हातातली फुंकणी काळीकुट्ट होती, पण बुडाशी तीन कडी होती. देवजीने ती कडी ओळखली. आपल्या नळीला अशीच आहेत.

"ही तुजी नळी हाय?" त्याने चांगोला विचारलं.

"हाय की. फुंकायला चांगली पडते," चांगो खाटेवरून म्हणाला. "का रे दादा?"

देवजीने सगळं सांगितलं. बोळ्यांचं सांगायच्या वेळी त्याने आवाज जरा खाली घेतला. चांगो उठून बसला. चेहऱ्यावर हसू यायला बघत होतं, ते त्याने काही वेळ दाबलं आणि मग दाबायचं सोडून दिलं.

"म्हंजे तुला आमची नळी पायजे."

"एका दिसापुरती. धुऊन देतो, पुसून देतो."

"ने ना. पन ती एकटी नाय यायची, दादा. भांडा पन आमचा, चिलीम पन आमची, आन ओढनार मी."

"मान आमच्या घराचा हाय, चांगो."

"असंल. मग घ्या तुमच्या घरातली नळी," चांगो म्हणाला आणि जयश्रीला चहा टाकायला सांगितला. देवजी चहाला थांबला नाही. परत येताना त्याला राग आला होता तो चांगोचा की स्वतःचा, हे त्याला घरापर्यंत ठरवता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी कमळ नदीवर गोधड्या धुवायला गेली. ती वळणाआड जाईपर्यंत देवजी अंगणात खोटंखोटं दोरखंड वळत बसला. मग उठला, मोडक्या छत्रीची काडी उपसून काढली, खुंटीवरची नळी घेतली आणि मागच्या पडवीत जाऊन बसला. काडीचं टोक मातीला टेकवलं. माती किती पातळ होती ते हाताला लगेच कळलं. एक हिसडा दिला की झालं.

"बाबा."

कुणाली दारात उभी होती. एक हात चौकटीला, एक कमरेवर. देवजीने काडी मागे लपवली. सासरी गेलेल्या पोरीपुढे चोरून गूळ खाताना सापडावं तसं त्याला झालं.

"काढ ना," ती म्हणाली. "मी आयेला नाय सांगत. अरे, माशीचा घर मोडल्यानं बाळाला काय होतंय? रिपोर्ट सगळे नॉर्मल हायत माझे. तू फुकटचा टेन्शन घेऊ नको."

"तुला काय वाटनार नाय?"

"नाय रे. काढ तू. तुझा एवढा मान हाय तो."

ती भिंतीला हात लावत सावकाश खाली बसली आणि पाय लांब केले. पोट सांभाळून बसायची तिची ती तऱ्हा देवजी बघत राहिला. परवानगी मिळाली होती. कमळ नदीवर होती. काडी हातात होती. आणि हात काही पुढे जाईना. पोरगी एका शब्दाने अडली असती तर त्याने कदाचित चिडून काडी खुपसलीही असती. ती "काढ" म्हणाली आणि त्याने काडी खाली ठेवली.

"राहू दे," तो म्हणाला. "तिचा पन होऊ दे बाळंतपन. तू आत जा, हितं ऊन येतं."

नळी त्याने पुन्हा खुंटीला टांगली, आणि तसाच उन्हातून चांगोकडे गेला.

"ओढ तू," उंबऱ्यातूनच तो म्हणाला. "पन भांडा बघू दे आधी."

भांडं गोठ्यात होतं. बैलांच्या खांद्याला लावायचं करंजाचं तेल चांगो त्यात ठेवायचा. वर्षानुवर्षांचा काळा चिकटा, त्यावर धूळ, त्यावर बैलाचे केस. ओढायची नळी दोरखंडांच्या ढिगात सापडली, तिच्या सांध्यावर हिरवी पुटं चढली होती. चिलीम फुटून गेली होती, ती देवजीने आपली द्यायचं कबूल केलं. चांगो शेजारी उभा राहून डोकं खाजवत होता. आता त्याच्या तोंडावरचं हसू गेलं होतं.

"बोलंल का रे ही?" त्याने विचारलं.

"तू म्हनायचास ना बोलते म्हनून."

"म्हनायला काय लागतंय, दादा," चांगो म्हणाला. त्याचा चेहरा इतका पडला की देवजीने भांडं आणि दोन्ही नळ्या उचलून काखोटीला मारल्या.

शुक्रवारचा अख्खा दिवस देवजी अंगणात बसून होता. मोठ्या टोपात राखेचं पाणी उकळून त्यात भांडं टाकलं, चिकटा मऊ झाला तसा बांबूच्या कामटीने खरवडला. लोखंड लावलं नाही. पाणी काळं झालं की ओतायचं, पुन्हा उकळायचं. कमळ आपणहून सरपण सारत होती. कुणालीने चिंच कोळून दिली. तेलाखाली पितळ शाबूत होतं. इतकी वर्षं बैलांच्या औषधाने त्याला हवा लागू दिली नव्हती. चांगोच्या निष्काळजीपणाने भांडं वाचवलं होतं. दुपारनंतर पहिला पिवळा डाग उघडा पडला आणि देवजीच्या अंगात हुरूप आला. आपण हे कोणासाठी घासतोय ते मध्ये मध्ये तो विसरून जायचा. आठवलं की हात जरा मंद व्हायचा आणि पुन्हा चालू व्हायचा. फुंकणी झालेल्या नळीतही तो चिंधीची काडी घालून बसला, पण तिथे घासण्यासारखं काही नव्हतं. जयश्रीने रोज सकाळ-संध्याकाळ फुंकून फुंकून ती आरशासारखी ठेवली होती. काजळी होती ती नुसती वरून.

सांधे तेवढे राहिले. नळी भांड्यात बसते तिथे सुताचे वेढे द्यायचे, वर मेण चोळायचं, म्हणजे हवा चोरून जात नाही. हवा चोरून गेली की पाणी बोलत नाही. देवजीने वेढे देता देता हात थांबवला. आणखी थोडं सूत हवं होतं. ते नाही दिलं तर कोणाला कळणार नव्हतं. उद्या चांगो अख्ख्या गावापुढे ओढत बसेल, नुसता ओढत बसेल.

"सूत संपला का?" कमळने विचारलं. ती चुलीशी होती, तिचं लक्षही नव्हतं. निदान देवजीला तसं वाटलं.

"नाय, हाय," तो म्हणाला. त्याला स्वतःची लाज वाटली. त्याने उरलेले वेढे दिले, मेण चोळलं, नळी बसवली आणि तोंड लावून बघायचं मात्र टाळलं. आपण आधी ओढली तर ती चांगोची राहणार नाही, असं काहीसं त्याच्या मनात होतं.

शनिवारी दुपारी ढग खाली उतरले. संध्याकाळी सगळं गाव वेशीवर जमलं तेव्हा लोक दगडाकडे कमी आणि आभाळाकडे जास्त बघत होते. चांगो धुतलेला सदरा घालून आला होता. गुडगुडी त्याने स्वतः हातात आणली, आणि ती मावळतीच्या उजेडात अशी लखलखत होती की लोक आभाळ सोडून तिच्याकडे बघायला लागले. देवजीची नाही, चांगोची आहे, हे कुजबुजत मागेपर्यंत गेलं. सवयीने मानकऱ्याच्या जागी जाऊन बसलेला देवजी उठून मागे आला. कुठे उभं राहायचं ते त्याला कळेना. आजवर तो या जागी कधी उभाच राहिला नव्हता. शेवटी बायका उभ्या होत्या तिथे, कमळच्या शेजारी जाऊन थांबला. घरी जावं असंही एकदा मनात आलं.

चांगोने वीरापुढे नारळ ठेवला, निखारा चिलमीत घातला आणि ओढली. काही झालं नाही. पुन्हा ओढली. गाल आत गेले, मानेच्या शिरा वर आल्या, गुडगुडी मुकीच. लोक चुळबुळले. चांगोने घाबरून वळून बघितलं, गर्दीत कोणालातरी शोधत.

"पानी जास्त झालाय," देवजी मागून ओरडला. "थोडा ओत. नळीचा टोक नुसता बुडाला पायजे."

चांगोने सांधा सोडला, पाणी ओतलं, पुन्हा जोडला. ओठ लावले.

आणि गुडगुडी बोलली.

देवजी जागच्या जागी उभा राहिला. हा आवाज त्याने कधी ऐकला नव्हता. इतकी वर्षं नळी त्याच्या तोंडात असायची, कानात आपलाच श्वास असायचा, डोक्यात धूर आणि धास्ती, आणि पाण्याची खरखर दातांना जाणवायची तेवढीच. इथून ऐकताना तो खोल होता, गोल होता. म्हातारं माणूस आत बसून स्वतःशीच हसतंय तसा. दगडावर आपटून तो वावरांवरून पार ओढ्यापर्यंत जात होता.

"असा आवाज येतो?" त्याने कमळला विचारलं.

"दरसाल येतो."

"मला कधी बोलली नाय तू."

"तुमच्या तोंडात नळी असायची. मागनं तुमी सांधे सोडवायला बसायचात. मी कवा बोलनार?" कमळ म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "तुमचा याच्याहून चांगला यायचा."

वर्षानुवर्षं आपण हे या सगळ्यांना ऐकवत होतो, आणि हे मिळत होतं ते इथे, मागे उभं राहणाऱ्यांना. पुढे चांगोने नळी तोंडातून काढली होती. पेंडी घेऊन माणूस पुढे झाला, निखाऱ्यावर वाकला. ढगांतून बारीक वारा सुटला होता, लोक घाई करा म्हणत होते.

"थांबा रे," देवजी ओरडला. सगळ्या माना मागे वळल्या. चांगोचा चेहरा पांढरा पडला, त्याला वाटलं आता हा मान मागतोय.

"चांगो," देवजी म्हणाला, "अजून एकदा ओढ."